छातीवरचा हात

(लोणावळा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात डॉक्टराला बोलावले की तो सरकारच्या आरोग्य-धोरणावर बोलेल, अशी अपेक्षा असते. धोरणाकडे मी येणारच आहे; परंतु त्याआधी आपण प्रत्येकाने एक लहानशी गोष्ट करावी अशी माझी विनंती आहे. आपला उजवा तळहात छातीच्या डाव्या बाजूला, स्तनाच्या किंचित खाली ठेवा आणि थोडे पुढे वाका. कोणाला ठोका स्पष्ट लागेल, कोणाला पुसट, तर कोणाला मुळीच लागणार नाही. ज्यांना लागला नाही त्यांनी घाबरून जाऊ नये. धडधाकट माणसांतही कित्येकांचा ठोका हाताला लागत नाही. या एका ठोक्यावरून काय काय कळते, ते ओळखण्याची विद्या कोणापाशी आहे आणि मावळातल्या कोणत्या माणसाच्या वाट्याला ती येते व कोणाच्या येत नाही, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

छातीवर जाणवणारा हा धक्का नेमका कशाचा, याविषयी विद्वानांतही शतकानुशतके गैरसमज होता. हृदय फुगते तेव्हा ते छातीवर आदळते, असे मानले जात असे. इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही समजूत उलटवली. हृदय आकुंचन पावते, घट्ट होते, रक्त बाहेर लोटते आणि त्याच क्षणी त्याचा धक्का छातीला बसतो, हे त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले. पुढे एका उमराव घराण्यातील तरुण त्यांच्या पाहण्यात आला. लहानपणीच्या जखमेमुळे त्याच्या छातीला कायमचे भोक पडले होते आणि आतले हृदय उघडे दिसत होते. हार्वे यांनी त्याला राजा पहिला चार्ल्स याच्यासमोर उभे केले आणि राजाने त्या धडधडत्या हृदयाला स्वतः स्पर्श केला. हार्वे यांनी १६५१ साली ही हकीकत लिहून ठेवली आहे. राजाच्या हाताला जे कळले, तेच सामान्य माणसाच्या छातीवर हात ठेवणाऱ्या कोणालाही कळू शकते. मात्र तो हात शिकलेला हवा.

निरोगी प्रौढ माणसात हा ठोका डाव्या बाजूच्या पाचव्या व सहाव्या बरगडीमधल्या खाचेत लागतो. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली एक रेषा काढली, तर तिच्या किंचित आतल्या अंगाला. लहान मुलांत तो एक खाच वर असतो. त्याचा विस्तार जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा, म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या आसपास. बोटाला हलकासा धक्का देऊन तो लगेच मागे सरतो. लागला नाही तर रोग्याला डाव्या कुशीवर वळवावे. त्याने ठोक्याची जागा थोडी सरकते, परंतु त्याचा स्वभाव कळतो.

या ठोक्याच्या जागेवरून आणि स्वभावावरून हृदयाची अवस्था कळते. ज्याचा रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला आहे आणि ज्याने तो कधी मोजलेला नाही, त्याचे हृदय तटलेल्या दारावर जोर लावणाऱ्या हमालासारखे जाड होते. त्याचा ठोका बोटाला उचलून धरतो आणि लवकर सोडत नाही. पुढे हृदय थकून सैलावले, की ठोका खाली आणि काखेच्या दिशेने सरकतो व त्याचा विस्तारही वाढतो. रक्त कमी असलेल्या बाईचे हृदय थोड्या रक्तावर सगळा संसार चालवण्यासाठी धावपळ करीत असते. तिचा ठोका जोराचा, पण उडता असतो. तापात आणि गळ्यातील थायरॉइड ग्रंथी अतिरेकी काम करू लागल्यावरही असेच होते. झडप गळत असेल, तर कधी कधी हाताला अंगावर बसलेल्या मांजरीच्या घुरघुरीसारखी थरथर लागते. ही उपमा माझी नाही. स्टेथॉस्कोप शोधून काढणाऱ्या फ्रान्सच्या लेनेक यांनीच ती दिलेली आहे.

ठोक्याच्या जागेवरून शेजारच्या फुप्फुसाचाही पत्ता लागतो. क्षयाने एका बाजूचे फुप्फुस आक्रसले, की ते हृदयाला आपल्याकडे ओढून घेते आणि ठोका जागचा हलतो. नाणे मावळातल्या वाड्यांवरच्या ज्या बायांनी पावसाळ्याचे चार महिने बंद झोपडीत ओल्या लाकडाच्या चुलीसमोर काढले आहेत, त्यांच्यातील काहींची फुप्फुसे उतारवयात निकामी होत जातात आणि त्याचा ताण हृदयाच्या उजव्या भागावर पडतो. अशा वेळी डावीकडचा ठोका सापडत नाही. छातीच्या मधल्या हाडालगत तळहात ठेवला, तर तो प्रत्येक ठोक्यासरशी उचलला जातो. चुलीचा धूर, कोंदट घर, अर्धपोटी कष्ट आणि न मोजलेला रक्तदाब या गोष्टी आपण ठरावांतून मांडतो. डॉक्टराला त्या तळहाताखाली भेटतात.

परंतु हाताचे माहात्म्य सांगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे आणि ती सांगायला लोणावळ्याइतकी योग्य जागा नाही. येथून जवळच कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ती संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगासने आणि प्राणायाम यांविषयी जे जे सांगितले जाते ते क्ष-किरण, दाबमापक आणि प्रयोगशाळेतील नोंदी यांच्या कसोटीला लावावे, हा त्यांचा आग्रह होता. १९२७ साली गांधीजींची प्रकृती अतिश्रमाने ढासळली आणि रक्तदाब वाढला, तेव्हा आसनांविषयी त्यांनी कुवलयानंदांशीच पत्रव्यवहार केला. योगाला मानणे अगर न मानणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. तपासून पाहण्याची ही वृत्ती मात्र आपल्या सर्वांच्या उपयोगाची आहे.

१९५७ च्या सुमारास अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे दोन शास्त्रज्ञ योग्यांचा अभ्यास करण्यासाठी भारतात आले. त्यांच्या प्रवासात लोणावळाही होते. दिल्लीचे डॉक्टर आनंद हे त्यांचे सहकारी. हृदय इच्छेनुसार थांबवता येते असा लौकिक असलेल्या काही योग्यांची त्यांनी देशात ठिकठिकाणी तपासणी केली आणि १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. योगी श्वास कोंडून छातीचे व पोटाचे स्नायू आवळून धरी. त्यामुळे छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होई. मनगटावरची नाडी बोटाला लागेनाशी होई, छातीवरचा आवाजही कानाला ऐकू येईनासा होई. परंतु विद्युत्-आलेखावर हृदयाचे ठोके चालूच असत. बोट आणि कान दोन्ही फसले होते. हृदय थांबलेले नव्हते.

यातून आपल्याला दुहेरी धडा मिळतो. हाताला लागत नाही म्हणजे तेथे काही नाही, असे नव्हे. तसेच हाताला ठीक वाटले म्हणजे सर्व ठीक आहे, असेही नव्हे. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाचा ठोका अगदी जागच्या जागी असू शकतो आणि दुसऱ्याच दिवशी त्याला झटका येऊ शकतो. उलट सडपातळ मुलाचा ठोका कपड्यावरून दिसतो आणि त्याला काहीही झालेले नसते. २००७ साली कंबोडिया व मोझांबिक येथील शाळकरी मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. झडपांचा विकार असलेली जेवढी मुले डॉक्टरांच्या नेहमीच्या तपासणीत सापडली, त्यांच्या सुमारे दसपट इको यंत्राने शोधून काढली. तेव्हा यंत्र नको आणि हात पुरे, असे म्हणणारा मी नव्हे. यंत्र खेड्यापर्यंत आलेच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच, की यंत्र येईपर्यंत आणि आल्यानंतरही, कोणाला यंत्राकडे न्यायचे हे ठरवणारा पहिला हात रोग्याच्या छातीवर पडला पाहिजे. तो पडत नाही, ही आजची खरी अडचण आहे.

हे मी दुसऱ्या कोणाला दोष देऊन सांगत नाही. जो हात पडला नाही तो माझाच होता.

१९८६ सालचा उन्हाळा. अंदर मावळातल्या एका वाडीवर आम्ही आरोग्य-शिबिर घेतले होते. देवळाच्या ओसरीवर टेबल मांडलेले आणि समोर शे-सव्वाशे माणसांची रांग. त्यात एक अठरा-एकोणीस वर्षांची, नुकतेच लग्न झालेली मुलगी होती. "चढ चढताना दम लागतो," एवढेच ती म्हणाली. मी पापणी उलटून पाहिली, ती फिकट होती. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्याला बोलावले. छाती तपासायची तर आडोसा हवा होता, सोबतीला एखादी बाई हवी होती. दोन्ही नव्हते आणि पाठीमागे पुरुषांची रांग ताटकळत होती. लुगड्यावरूनच क्षणभर स्टेथॉस्कोप टेकवल्यासारखे केले. त्यातून काहीही ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होते.

१९८८ च्या श्रावणात तीच मुलगी सातव्या महिन्यात असताना झोळीतून खाली आणली गेली. बसल्याशिवाय श्वास घेता येत नव्हता आणि तोंडाला गुलाबी फेस येत होता. त्या दिवशी मी तिच्या छातीवर हात ठेवला. बंद दारावर कोणी आतून बोटाने टकटक करावी, तसा आखूड, कोरडा ठोका लागला. डाव्या झडपेचे तोंड आकसून बारीक झाले, की असा ठोका लागतो; वैद्यकाच्या पहिल्या धड्यांपैकी तो एक आहे. सुई दिली, प्राणवायू नव्हता, जीप मिळवली. तळेगाव येण्याआधीच ती गेली. तिची आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "ल्हानपनी हिचं गुडघं सुजलं व्हतं, डाक्टर. एक उतरला का दुसरा. पन मग झाली की बरी!"

त्या आईच्या एका वाक्यात रोगाचा सगळा इतिहास होता. एका विशिष्ट जंतूमुळे मुलाचा घसा धरतो. दाटीवाटीने राहणाऱ्या घरांत तो एकाचा दुसऱ्याला लागतो. थोड्या आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो आणि मोठे सांधे एकामागून एक सुजतात. डॉक्टर याला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात. सांधे पूर्ण बरे होतात आणि घरचे निश्चिंत होतात; परंतु त्याच तापात हृदयाच्या झडपेला इजा झालेली असते. घसा पुन्हा पुन्हा धरला, की ती इजा वाढत जाते. श्रीमंत देशांत झडप अशी आकसायला बहुधा वीस-वीस वर्षे लागत. आपल्याकडे ती विशीच्या आतच आकसलेली आढळते, हे दिल्लीच्या डॉक्टर सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली जगापुढे मांडले. झडपेचे हे आकसणे पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते. गरोदरपणी रक्ताचे आकारमान वाढते आणि तोवर कसेबसे चालवून घेणारे हृदय त्या भाराखाली कोसळते.

आता यातला दैवदुर्विलास पाहा. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केले, तर हा ताप टळू शकतो. एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची एक लांब पल्ल्याची सुई बरीच वर्षे देत राहिले, तर झडपेची पुढची हानी पुष्कळ अंशी रोखता येते. आणि आपल्या देशातला पेनिसिलिनचा पहिला सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ साली उभा राहिला तो कोठे? पिंपरीला! कामशेतला लोकलमध्ये बसले, तर तासाभरात पिंपरी येते. मावळातली कितीतरी पोरे त्या लोकलने पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कामाला जात होती. गाडी रोज धावत होती, औषध रोज तयार होत होते आणि गुडघे सुजलेल्या मुलीला ते मिळाले नाही. कारण औषध करणे ही एक गोष्ट आहे आणि ते वाडीपर्यंत पोहोचवून पंधरा वर्षे न चुकता टोचत राहणे ही निराळी गोष्ट आहे. पुढे तो कारखानाही आजारी पडला आणि पेनिसिलिनच्या कच्च्या मालासाठी देश बराच काळ चीनवर अवलंबून राहिला. ही लांब पल्ल्याची सुई स्वस्त आहे, म्हणून तिच्यात नफा थोडा आणि म्हणूनच तिचा तुटवडा वारंवार. बाजार आपला हिशेब करतो. त्या हिशेबात मावळच्या मुलीची झडप येत नाही.

मी मघाशी लेनेक यांचे नाव घेतले. १८१६ साली त्यांच्याकडे हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली होती. तिच्या छातीला कान लावणे संकोचाचे होते, म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी करून तिच्यातून ऐकले आणि स्टेथॉस्कोप जन्माला आला. एका स्त्रीची लाज राखण्यासाठी विज्ञानाने नवे साधन घडवले. आपण मात्र तेच साधन लुगड्यावरून टेकवून तिची बोळवण केली. बाईची लाज हे तिला न तपासण्याचे कारण होऊ शकत नाही. ती लाज राखून तपासता येईल अशी सोय न करणे, हा व्यवस्थेचा दोष आहे. त्या ओसरीवर दोन खांबांना बांधलेले एक लुगडे आणि शेजारी उभी असलेली वाडीतलीच एखादी म्हातारी एवढे पुरले असते. ते मला सुचले नाही, कारण रांग संपवणे हेच मी काम समजत होतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? कार्यकर्त्याने डॉक्टर होऊ नये. छातीवर हात ठेवून निदान सांगत फिरणारे भोंदू आपल्याकडे कमी नाहीत, त्यांत भर नको. परंतु पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचे सांधे तापाबरोबर एकामागून एक सुजले, तर ते 'वाढीचे दुखणे' म्हणून सोडून देऊ नये. ज्या मुलाला पेनिसिलिनची सुई लागू झाली आहे, त्याची तारीख चुकते का, उपकेंद्रात औषध आहे का, याची विचारपूस करावी. चढावर दम लागणाऱ्या सुनेला सासर 'कामचुकार' म्हणते; तिला मूल राहण्याआधी नीट तपासून घ्यावे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजला जावा, मग तो द्रुतगती मार्गावर रात्रपाळी करणारा चालक असो की हॉटेलात भांडी घासणारी बाई. आणि डॉक्टराकडे गेल्यावर, "साहेब, छातीला हात लावून बघा," असे म्हणण्याची भीड बाळगू नये. आमच्यासारख्यांना त्याची आठवण करून द्यावी लागते.

सरकारकडे मागण्याच्या गोष्टीही मोठ्या नाहीत. १९४६ च्या भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. जनता राजवटीत राजनारायण आरोग्यमंत्री असताना, १९७७ च्या गांधी जयंतीपासून गावातल्याच माणसाला आरोग्यरक्षक म्हणून शिकवण्याची योजना सुरू झाली. ती नीट रुजली नाही, परंतु तिच्यामागचा विचार खोटा नव्हता. २००५ नंतर आशा कार्यकर्ती आली आणि आज वाडीवर सर्वांआधी पोहोचते ती तीच. तिला केवळ रजिस्टरे भरायला न लावता, सुजलेला सांधा आणि चढावरचा दम ओळखायला शिकवा व त्या कामाचा योग्य मोबदला द्या. प्रत्येक उपकेंद्रात एक पडदा, एक खाट आणि तपासणीच्या वेळी एक स्त्री-सेविका असलीच पाहिजे. लांब पल्ल्याचे पेनिसिलिन कधीही संपता कामा नये. सुईची उलटी प्रतिक्रिया येईल या भीतीने ती टाळली जाते, म्हणून त्यावरचे औषध आणि शिकलेला माणूस तेथे हजर हवा. आणि इकोची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी फुकट व्हावी. जिल्हा परिषदेसमोर मोर्चा न्याल तेव्हा रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर निवेदनात हा पडदाही लिहा. अधिकारी हसतील. त्यांना त्या मुलीची हकीकत सांगा.

सुरुवातीला आपण सर्वांनी छातीवर हात ठेवला होता. येथे बसलेल्या भगिनींपैकी किती जणींच्या छातीवर आजवर एकदा तरी एखाद्या डॉक्टराने वा डॉक्टरीणबाईने तपासण्यासाठी नीट हात ठेवला आहे, हे मला माहीत नाही आणि हात वर करायलाही मी सांगत नाही. परंतु वाडीवर परत गेल्यावर प्रत्येक घरात हा प्रश्न जरूर विचारा आणि जी उत्तरे येतील ती लिहून आणा. पुढच्या अभ्यासवर्गात आपण त्यांच्यापासूनच सुरुवात करू.